योझिकच्या भोवतीचे धुके कशाचे बनवले होते?

मार्च 2025 मध्ये जपानच्या जिब्ली स्टुडिओच्या धाटणीची चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेण्याची लाट आली आणि आपल्याकडेही लग्नाच्या फोटोंपासून पुढाऱ्यांच्या छायाचित्रांपर्यंत सगळ्यांची काही सेकंदांत ॲनिमेशनपटातली पात्रे झाली. त्या निमित्ताने निघालेला वाद अजून मिटलेला नाही. हे काम यंत्राला इतक्या सहज जमत असेल, तर माणसाने हाताने केलेल्या ॲनिमेशनमध्ये वेगळे असे काय होते, असा प्रश्न अनेक जण विचारतात. ‘हाताच्या कामात जीव असतो’ असे म्हणून त्याचे उत्तर देता येते, पण त्यातून कोणाला काही कळत नाही. त्यापेक्षा हाताने केलेली एखादी कलाकृती निवडून ती कशी जोडली आहे हे नीट पाहिलेले बरे. त्यासाठी जिब्लीच्या संस्थापकांपैकी एक असलेले हायाओ मियाझाकी ज्यांच्याविषयी आदराने बोलतात, त्या युरी नोरश्तेन यांचा 1975 चा रशियन बालपट येथे घेतला आहे. त्याचे नाव ‘धुक्यातला योझिक’. त्याची लांबी जेमतेम साडेदहा मिनिटे आहे, आणि त्यातले धुके पाहून आजही संगणकावर काम करणारे तरुण विचारतात की हे तेव्हा केले कसे.

गोष्ट एवढीच आहे

योझिक म्हणजे छोटा जाहक, ज्याला आपण बहुधा हेजहॉग म्हणून ओळखतो. अंगावर काटे असले, तरी तो आपल्या साळिंदराच्या कुळातला नाही. साळिंदर हा कुरतडणारा प्राणी आहे आणि जाहक मुख्यतः किडे खाऊन जगतो. हा योझिक रोज संध्याकाळी आपल्या मित्राकडे, अस्वलाच्या पिल्लाकडे, चांदण्या मोजायला जातो. दोघे ओंडक्यावर बसतात, चहा पितात आणि आकाशाची वाटणी करतात: धुराड्याच्या उजवीकडच्या चांदण्या अस्वलाच्या, डावीकडच्या योझिकच्या. त्या दिवशी तो फडक्यात रासबेरीचा मुरांबा बांधून निघतो. वाटेत त्याला धुक्यात उभी असलेली पांढरी घोडी दिसते, आणि ती झोपायला आडवी झाली तर धुक्यात गुदमरेल का, असा प्रश्न त्याला पडतो. ते पाहण्यासाठी तो धुक्यात उतरतो. तिथे त्याला स्वतःचा पंजाही दिसेनासा होतो. गळणारे पान, गोगलगाय, वटवाघूळ, त्याच्या मागावर असलेले घुबड, एक प्रचंड पोकळ झाड, हरवलेले गाठोडे आणून देणारा कुत्रा, मग नदी आणि नदीतला एक अज्ञात मदतनीस, या सर्वांमधून तो शेवटी मित्राकडे पोहोचतो.

मूळ कथा सर्गेई कोझ्लोव यांची आणि पटकथाही त्यांचीच. पात्रे आणि जंगल रंगवले नोरश्तेन यांच्या पत्नी फ्रांचेस्का यार्बुसोवा यांनी, कॅमेरा अलेक्सांद्र झुकोव्स्की यांचा, संगीत मिखाईल मेयेरोविच यांचे. चित्रपट मॉस्कोतल्या सोयुझमुल्टफिल्म या 1936 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी स्टुडिओत तयार झाला. 2003 मध्ये तोक्योच्या लापुता ॲनिमेशन महोत्सवाने जगभरच्या ॲनिमेशनकारांची मते मागवून सर्वकालीन उत्तम ॲनिमेशनपटांची यादी केली, तेव्हा तिच्यात हा पहिला आला. अशा याद्यांना फार महत्त्व देऊ नये, परंतु मत देणारे स्वतः हेच काम करणारे होते, एवढी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आधी थोडे मूलभूत: चित्र हलते म्हणजे काय?

चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदासाठी 24 स्थिर चित्रे असतात. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. ती एकामागून एक झपाट्याने दाखवली की मेंदू त्यांतले अंतर भरून काढतो आणि आपल्याला हालचाल दिसते. साडेदहा मिनिटांच्या चित्रपटात अशा सुमारे 15,000 फ्रेम होतात. ॲनिमेशन करणारा माणूस दोन फ्रेमच्या मधे काहीतरी किंचित सरकवतो. त्याची सगळी कला त्या ‘किंचित’ मध्ये असते.

हे सरकवण्याची त्या काळी सर्वांत रूढ असलेली पद्धत सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांची होती. पात्राची प्रत्येक अवस्था वेगळ्या तावावर रेखाटायची, मागून सपाट रंग भरायचा आणि तो ताव रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून छायाचित्र घ्यायचे. यात काम अनेकांत वाटता येते आणि चूक झाली तर तेवढाच ताव पुन्हा काढता येतो. पण पात्राची बाह्यरेषा ठसठशीत आणि रंग सपाट राहतो, त्यामुळे ते पार्श्वभूमीवर चिकटवल्यासारखे दिसते.

नोरश्तेन यांनी दुसरी पद्धत निवडली. तिला कट-आउट म्हणतात. पात्र एकदाच बनवायचे, पण तुकड्यांचे: डोके, धड, पंजे, डोळे, पापण्या, सगळे वेगवेगळे. हे तुकडे कॅमेऱ्याखाली मांडून, एक फ्रेम घेऊन, चिमट्याने कणभर सरकवून पुढची फ्रेम घ्यायची. त्यांच्या कामात हे तुकडे बहुधा खिळ्यांनी सांधलेले नसतात, सुटेच ठेवलेले असतात. यार्बुसोवा अर्धपारदर्शक थरांवर रंग आणि ओरखडे चढवून ते तयार करीत, म्हणून योझिकच्या अंगाची कडा रेषेसारखी न दिसता लवेसारखी दिसते. या मऊपणाची किंमत अशी की मधेच थांबून मागे जाता येत नाही. दृश्य पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सलग करावे लागते, आणि फीत रासायनिक प्रक्रियेतून धुऊन आल्याशिवाय काय जमले आणि काय बिघडले हे कळत नाही. विसाव्या सेकंदाला हात लागून एखादा तुकडा हलला, तर ते दृश्य पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

काचेचे मजले

सपाट तुकड्यांना खोली कशी द्यायची हा पुढचा प्रश्न. कर्जत सोडून गाडी घाट चढू लागली की रुळालगतचे खांब सपासप मागे पळतात, मधली झाडे सावकाश सरकतात आणि दूरचा डोंगर जवळपास जागचा हलत नाही. या वेगांच्या फरकावरूनच मेंदू अंतर ओळखतो. सगळे चित्र एकाच कागदावर असेल, तर कॅमेरा कसाही सरकवला तरी सगळे एकाच वेगाने सरकते आणि फसवणूक उघडी पडते.

उपाय म्हणून कॅमेरा खाली तोंड करून उंचावर लावतात आणि त्याच्याखाली एकावर एक, मधे मोकळी जागा सोडून, काचा बसवतात. एका काचेवर जवळचे गवत, दुसरीवर पात्र, तिसरीवर झाडे, सर्वांत खाली आकाश. प्रत्येक काच वेगळी सरकवता येते आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा प्रकाश टाकता येतो. या मांडणीला मल्टिप्लेन म्हणतात, म्हणजे अनेक पातळ्यांची मांडणी. शिवाय कॅमेऱ्याचे भिंग एका वेळी एकाच पातळीवर नेमके रोखता येते. वरच्या आणि खालच्या पातळ्या थोड्या पुसट दिसतात, आणि डोळ्यांना तो पुसटपणा खऱ्या अंतरासारखा वाटतो. अडचणीही याच मांडणीतून येतात. प्रत्येक काच थोडा प्रकाश गिळते, थोडा परावर्तित करते, आणि तिच्यावर बसलेला धुळीचा कण पडद्यावर खडा होऊन दिसतो.

मग धुके?

हवामानशास्त्रात 1 किलोमीटरच्या आतलेच दिसू लागले की धुके पडले असे म्हणतात. हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब प्रकाश इतस्ततः विखुरतात. वस्तू जितकी दूर, तितके अधिक थेंब मधे येतात आणि ती तितकी पुसट होते. म्हणजे धुके हा एकसारखा पांढरा पडदा नसतो. त्याची दाटी अंतराबरोबर वाढते. चित्रावर नुसता पातळ पांढरा रंग फिरवला की तो पडद्यासारखा दिसतो, आणि जवळचे व दूरचे सारखेच झाकले जाते. चित्रकारांना धुके जड जाते ते यासाठी.

नोरश्तेन यांनी सांगितलेला उपाय ऐकून थोडी निराशाच होते, इतका तो साधा आहे. अतिशय पातळ अर्धपारदर्शक कागद पात्रावर ठेवायचा आणि फ्रेमगणिक तो कॅमेऱ्याच्या दिशेने हळूहळू उचलत न्यायचा. पटत नसेल त्याने घरातला बटर पेपर छापील मजकुरावर ठेवून पाहावा. कागद टेकलेला असतो तोपर्यंत अक्षरे वाचता येतात. दोन-चार मिलिमीटर उचलला की कडा विरघळू लागतात आणि थोड्या वेळाने नुसती करडी छाया उरते. याचे कारण असे की कागदाचे तंतू प्रकाश विखुरतात. अक्षराच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश कागदावर पोहोचेपर्यंत पसरून छोटे वर्तुळ होतो, आणि अंतर जितके अधिक तितके ते वर्तुळ मोठे. वर्तुळे एकमेकांत मिसळली की आकार हरवतो. खऱ्या धुक्यात अंतर जे काम करते, तेच काम इथे कागद आणि पात्र यांच्यामधली मोकळी जागा करते. धुके रंगवलेले नाही. कॅमेऱ्यासमोर ते लहान प्रमाणात खरोखर तयार केलेले आहे.

आता पांढऱ्या घोडीचे दृश्य पुन्हा पाहिले, तर ती धुक्यात ‘येते’ म्हणजे काय हे कळेल. ती बाहेरून चालत येत नाही. आधी ती नसते, मग तिच्या असण्याची शंका येते, मग मान, मग आयाळ. कागद किती उचलायचा, किती फ्रेम तसाच धरायचा आणि कधी टेकवायचा, हे प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवलेले आहे, आणि हे ठरवणे म्हणजेच चित्रपटातला अभिनय आहे असे मला वाटते.

हे डिस्नीने आधीच केले नव्हते का?

अनेक पातळ्यांची मांडणी डिस्नीच्या स्टुडिओने 1937 मध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली, आणि त्याहूनही आधी जर्मनीत लोट्टे रायनिगर यांनी 1926 च्या आपल्या छायापटात काचेच्या थरांचा उपयोग केला होता. शोधाचे श्रेय नोरश्तेन आणि झुकोव्स्की यांना देण्याचे कारण नाही. फरक वापराचा आहे. डिस्नीकडे ही मांडणी प्रामुख्याने पार्श्वभूमीला खोली देण्यासाठी होती. पात्र आपल्या ठळक रेषेसह त्या खोलीपुढे वावरत असे. येथे पात्र स्वतः त्या हवेत बुडते. योझिकला पंजा दिसत नाही तेव्हा आपल्यालाही तो दिसत नाही, आणि ‘दिसत नाही’ हे शब्दांत सांगण्याची गरजच उरत नाही.

संगणक हे क्षणात करतो, मग कौतुक कसले?

आक्षेप योग्य आहे आणि तो टाळू नये. त्रिमित संगणकीय ॲनिमेशनमध्ये प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे हे संगणकाला ठाऊक असते. त्या अंतराच्या प्रमाणात पांढरा रंग मिसळला की धुके तयार होते. ही सोय व्हिडिओ गेममध्ये कित्येक वर्षे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली वेगळ्या मार्गाने जाते: असंख्य चित्रांवरून धुके साधारण कसे दिसते याचा ठसा तिने घेतलेला असतो आणि मागणी येताच ती त्या ठशाला धरून नवे चित्र जुळवते. दोन्ही मार्गांनी निघणारे धुके दिसायला उत्तम असू शकते, कधी कधी कागदाच्या धुक्याहून सरस.

पण प्रश्न धुके चांगले दिसण्याचा असता, तर हा चित्रपट आज केवळ तंत्राच्या इतिहासात उरला असता. ‘धुक्यातला प्राणी’ अशी मागणी केली की यंत्र सरासरीने जे बहुधा असते ते देते: प्राणी मधोमध, धुके भोवती, प्रकाश सुंदर. योझिकच्या प्रवासात जे आहे ते सरासरीच्या विरुद्ध आहे. महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यात असते, पडणारे पान नको इतका वेळ घेते, आणि घुबड भीतीदायक वाटू लागताच ते डबक्यात डोकावत बसून हास्यास्पद होते. संगणक वापरणाऱ्या माणसानेही असे निर्णय एकेक करून घेतले, तर संगणकावरही असा चित्रपट होईल, होतातही. कष्टांची पूजा करून उपयोग नाही, कारण वाईट चित्रपटही कष्टाने होतात. मात्र ज्या साधनाने निर्णय घेण्याची पाळीच येऊ नये अशी सोय केलेली असते, त्या साधनाने निर्णय कमी घेतले जातात, हेही तितकेच खरे आहे.

बोलणारे प्राणी, आणि न बोलणारे

बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी आपल्याला पंचतंत्रापासून परिचित आहेत. तिथे प्राणी म्हणजे बहुतेक वेळा मुखवटा घातलेला माणूस असतो: कोल्हा धूर्त, सिंह राजा, गाढव गाढव. सोव्हिएत काळातली मराठीत अनुवादित झालेली आणि लोकवाङ्मय गृहाकडून मिळणारी बालपुस्तके ज्यांनी लहानपणी वाचली, त्यांना समोवाराशी, म्हणजे चहाच्या रशियन भांड्याशी, बसणारी अस्वलेही ओळखीची वाटतील. या चित्रपटाने मात्र बोलण्याची वाटणी वेगळी केली आहे. योझिक आणि अस्वल बोलतात, कारण ते मित्र आहेत. घोडी एक शब्दही बोलत नाही. घुबड घूत्कारते, कुत्रा धापा टाकतो. निवेदकाचा आवाज, जो अभिनेते अलेक्सेई बतालोव यांचा आहे, फार थोडा वेळ ऐकू येतो. आणि नदीत योझिकला पाठीवर घेणारा जो आहे त्याला निवेदनात ‘कोणीतरी’ एवढेच म्हटले आहे. तो अत्यंत सभ्यपणे विचारतो की आपण कोण आणि इथे कसे आलात. योझिक तितक्याच सभ्यपणे आपण जाहक असून नदीत पडल्याचे सांगतो. हा संवाद मला संपूर्ण चित्रपटातला सर्वांत गमतीचा वाटतो, कारण बुडण्याच्या प्रसंगी दोघेही शिष्टाचार सोडत नाहीत.

यातून धुक्यातले जग दोन भागांत विभागले जाते: ज्याच्याशी बोलता येते ते आणि ज्याच्याशी नुसते समोरासमोर उभे राहता येते ते. घोडी दुसऱ्या भागातली आहे, म्हणूनच योझिकला तिचा विसर पडत नाही.

मुलांना भीती वाटणार नाही का?

काही मुलांना वाटते. घुबड अचानक समोर येते तेव्हा मोठेही दचकतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एकट्याला हा चित्रपट लावून देण्यापेक्षा शेजारी बसून दाखवावा, एवढे म्हणता येईल. परंतु भीतीची रचना नीट पाहिली, तर तिच्यात खलनायक नाही. घुबड शेवटपर्यंत काहीही करत नाही. भीती येते ती न दिसण्यातून, आणि प्रत्येक वेळी तिच्या पाठोपाठ काहीतरी उपकारक येते: काजवे, कुत्रा, नदीतला कोणीतरी. नदीत पडल्यावर योझिक हातपाय झाडत नाही. नदीनेच आपल्याला न्यावे असे म्हणून उताणा तरंगत राहतो. याला कोणी तात्पर्य म्हणेल, पण चित्रपट तसे म्हणत नाही, आणि मुलांनाही ते समजावून सांगू नये असे मला वाटते. ज्यांना चित्रपट संथ वाटतो त्यांची तक्रार अगदी चुकीची नाही. सतत कट बदलणाऱ्या व्हिडिओंची सवय झालेल्या डोळ्यांना पहिली दोन मिनिटे जड जातात.

यात राजकीय अर्थ दडलेला आहे का?

1975 चा सोव्हिएत संघ आणि धुक्यात हरवलेला जीव, एवढे शब्द एकत्र आले की अनेकांना रूपक सापडते. सेन्सॉरच्या देशात बालपटांत बऱ्याच गोष्टी सांगता येत, हे खरे आहे. प्रौढांच्या चित्रपटांवर जितकी बारीक नजर असे, तितकी ती बालपटांवर नसे. पण या चित्रपटातल्या धुक्याला शासन आणि घुबडाला पोलीस मानले, तर नदीतल्या सभ्य ‘कोणीतरी’चे काय करायचे? रूपक लावले की चित्रपटाचा अर्धा भाग हातातून निसटतो. रशियात 2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात दाखवलेल्या वर्णमालेत एका अक्षरासाठी योझिक होता, आणि युक्रेनची राजधानी कीव्ह येथेही त्याचा पुतळा आहे. एकाच राजकीय अर्थाच्या पात्राला दोन्हीकडे जागा मिळणे कठीण होते.

एवढा वेळ कोणाकडे होता?

राजकारण खरे तर दुसऱ्या ठिकाणी आहे: पैशाच्या. दहा मिनिटांच्या चित्रपटासाठी काच, कागद आणि चिमट्यांनी दीर्घकाळ काम करणे परवडले, कारण सोयुझमुल्टफिल्मचा खर्च शासन करीत होते आणि छोट्या बालपटाला तिकीटबारीवर स्वतःचा खर्च काढून दाखवावा लागत नव्हता. नोरश्तेन आधी फर्निचरच्या कारखान्यात काम करीत होते. स्टुडिओच्याच दोन वर्षांच्या वर्गात शिकून ते 1961 पासून तेथे ॲनिमेटर झाले आणि इतरांच्या चित्रपटांवर अनेक वर्षे काम केल्यावर स्वतःचे चित्रपट करू लागले. इतकी उमेदवारी आज कोणत्याही स्टुडिओला सहज परवडणारी नाही. त्या व्यवस्थेत मंजुऱ्या, वेळापत्रके आणि वरिष्ठांची मर्जी यांचा जाच होता, आणि तिने त्यांना पुढे बाहेरही काढले: 1980 च्या दशकाच्या मध्यात, काम फार सावकाश चालते म्हणून, त्यांना स्टुडिओ सोडावा लागला. 1991 नंतर सोव्हिएत संघच राहिला नाही आणि शासनाचा पैसा आटला, तेव्हा त्या स्टुडिओतल्या बहुतेकांचीच कामे थांबली.

रशियन लेखक गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या कथेवरचा त्यांचा चित्रपट 1981 मध्ये सुरू झाला. तोही काचेच्या मजल्यांवर, सुट्या तुकड्यांनी, त्याच गतीने, आणि झुकोव्स्की 1999 मध्ये वारल्यानंतर त्यांच्याविना पुढे चालू राहिला. त्यातले काही पूर्ण झालेले प्रसंग वेळोवेळी दाखवले गेले आहेत. चार दशके उलटून गेली तरी चित्रपट पुरा झालेला नाही.